हळदीचा ९५ टक्के अर्क पाण्यात पसरवायचा आहे: कोणती नॅनो पद्धत घ्यावी आणि नेमकं काय मोजावं?

राजापुरी_हळद

धागा हळदीच्या अर्कापुरता ठेवतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

माल: ९५ टक्के करक्युमिनॉइड अर्क. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) करक्युमिन ७३, डिमेथॉक्सी १८, बिसडिमेथॉक्सी ४ टक्के.
हवं ते: एका सॅशेत २५० मिलिग्रॅम करक्युमिनॉइड, कोमट पाण्यात ढवळल्यावर गुठळी न होता पसरणारी पूड.
उपकरणं: प्रोब सोनिकेटर, अर्ध्या लिटरची बीड मिल, रोटरी इव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारा), प्रयोगशाळेतला स्प्रे ड्रायर, प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजायला डीएलएस.

सध्याची रीत: १ ग्रॅम अर्क ५० मिलि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ५०० मिलि पाण्यात सोडायचा. पाण्यात ०.५ टक्के पोलोक्सामर १८८ (कण वेगळे ठेवणारा स्टॅबिलायझर), सोनिकेटर चालू. ताजं मिश्रण १९० नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली तफावत) ०.२१, झेटा (कणावरचा विद्युतभार) उणे १४ मिलिव्होल्ट. दोन दिवसांनी तळाशी नारिंगी थर आणि आकार ९०० च्या पुढे.

प्रश्न दोन. थर का बसतो? आणि हीच रीत सुधारावी की दुसरी धरावी?

---

खलबत्ता

थर बसण्यामागे बहुधा दोन कारणं एकत्र आहेत.

पहिलं अ‍ॅसिटोन. ५० मिलि अ‍ॅसिटोन ५०० मिलि पाण्यात म्हणजे मिश्रणात साधारण ९ टक्के. तेवढ्यानेही करक्युमिनची विद्राव्यता नुसत्या पाण्यापेक्षा वाढते. मग बारीक कण विरघळतात आणि तोच माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो. यालाच ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. सोनिकेशन कितीही वाढवलं तरी हे थांबत नाही. मिसळल्यावर लगेच रोटरीवर ३५ ते ४० अंशांना, कमी दाबाखाली अ‍ॅसिटोन काढून टाका. ओतताना पाणी ५ ते १० अंशांवर ठेवा, आणि द्रावण वरून न ओतता बारीक सुईने प्रोबच्या टोकाजवळ सोडा. मिसळण्याचा वेग जितका जास्त, तितकी सुरुवातीची कणसंख्या जास्त आणि आकार लहान.

दुसरं, असा झटकन उतरलेला माल सुरुवातीला बराचसा अस्फटिक असतो आणि नंतर त्याचे स्फटिक होतात. थेंबभर मिश्रण ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ताजं असताना आणि दुसऱ्या दिवशी बघा. दुसऱ्या दिवशी चमकणाऱ्या सुया दिसल्या तर निदान झालं.

झेटा उणे १४ वर फार अडकू नका. झेटा अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे हवा, हा नियम केवळ विद्युतभारावर टिकणाऱ्या मिश्रणांचा आहे. पोलोक्सामर कणांभोवती जाड आवरण करून त्यांना दूर ठेवतो, तिथे झेटा कमीच येतो.

मात्र ही रीत सुधारायच्या भानगडीत पडू नका असंच सुचवेन. ग्रॅमभर अर्कामागे अर्धा लिटर पाणी वाळवायचं म्हणजे सॅशेमागे सव्वाशे मिलिपेक्षा जास्त. शिवाय त्या पाण्यात अडीच ग्रॅम पोलोक्सामर आहे, म्हणजे पुडीत औषधापेक्षा पोलोक्सामर जास्त. बीड मिल हाताशी आहे, तर ओलं दळण करा. १०० ग्रॅमच्या घाण्याचं प्रमाण देतो:

अर्क १० ग्रॅम
एचपीएमसी ई५ (सेल्युलोजपासूनचा स्टॅबिलायझर) २ ग्रॅम
सोडियम लॉरिल सल्फेट ०.१ ग्रॅम
पाणी ८७.९ ग्रॅम, सायट्रिक आम्लाने पीएच ४.५ ते ५

एचपीएमसी थंड पाण्यात थेट टाकली की तिच्या गुठळ्या होतात. एक तृतीयांश पाणी ८० अंशांवर नेऊन त्यात पसरवा, मग उरलेलं थंड पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. अर्क १०० मेशच्या चाळणीतून काढा. हाय शिअर मिक्सरने १० मिनिटं कालवून घ्या. हे टाळलंत तर मिलमध्ये कोरडे गोळे फिरत राहतील. मणी यट्रियायुक्त झिरकोनियाचे, ०.३ ते ०.५ मिलिमीटर, कप्प्याच्या ७० ते ८० टक्के भरतील इतके. जॅकेटमध्ये १० ते १५ अंशांचं पाणी, आतला माल ३५ अंशांच्या खाली. १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना नमुना काढा. डी५० (निम्मे कण ज्या आकाराच्या आत येतात तो) याबरोबर डी९० (९० टक्के कण ज्याच्या आत येतात तो) सुद्धा लिहून ठेवा, थर बसवणारे कण डी९० मध्येच दिसतात.

आकार उतरायचा थांबला की मिल बंद. पुढे दळत राहिलं तर नवा पृष्ठभाग तयार होतो पण त्याला झाकायला एचपीएमसी उरत नाही, आणि आकार उलट वाढू लागतो. तो वाढू लागला म्हणून आणखी दळणं ही या कामात सर्रास होणारी चूक आहे.

काचेचे मणी वापरू नका. ते झिजतात आणि काचेची भुकटी पाण्याचा पीएच वर नेते, ते करक्युमिनला चालत नाही. झिरकोनियाही थोडी झिजतेच, म्हणून शेवटच्या मालात झिरकोनियम आयसीपी-एमएसवर (सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) तपासून घ्या.

---

वाचनमात्र

पीएच वर गेला तर नेमकं काय होतं?

---

पृथक्करण

रेणू तुटतो. पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के करक्युमिन नाहीसं होतं, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेलं आणि पुढे कायम उद्धृत झालेलं मोजमाप आहे. उरतात फेरुलिक आम्ल, व्हॅनिलिन वगैरे तुकडे. आम्लधर्मी पाण्यात रेणू टिकतो पण विरघळत नाही, आणि अल्कधर्मी पाण्यात विरघळतो पण टिकत नाही. करक्युमिनचं सगळं दुखणं या एका ओळीत आहे. प्रकाशानेही तो जातो, त्यामुळे सगळं काम तपकिरी काचेत किंवा फॉइल गुंडाळून.

म्हणूनच, सोड्याच्या पाण्यात अर्क विरघळवून मग आम्ल घालून नॅनोकण पाडायची जी कृती इंटरनेटवर फिरते, तिच्यात अल्कली अवस्था काही सेकंदांची नसेल तर सुरुवातीलाच माल गमावता.

---

तरल

खलबत्ता यांनी दळणाचा तपशील उत्तम दिलाय, पण पद्धत निवडण्याबाबत माझा मतभेद आहे.

नॅनोस्फटिकाने विरघळण्याचा वेग वाढतो. १० मायक्रॉनचा कण २०० नॅनोमीटरवर आणला तर त्याच वजनाचा पृष्ठभाग ५० पट होतो, हे खरं. पण संपृक्त विद्राव्यता २०० नॅनोमीटरला जेमतेम काही टक्के वाढते. ती लक्षणीय वाढायला कण १०० नॅनोमीटरच्या बराच खाली जावा लागतो. करक्युमिनची पाण्यातली विद्राव्यता मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्याही आत आहे. एक ग्लास म्हणजे २५० मिलि पाणी धरलं तर त्यात पाव मिलिग्रॅमही विरघळणार नाही, आणि तुमची मात्रा २५० मिलिग्रॅम आहे. वेग वाढवून हजार पटींची दरी कशी भरणार?

रेणू विरघळलेल्या अवस्थेतच द्यायचा असेल तर एसएनईडीडीएस, म्हणजे पोटातल्या पाण्यात स्वतःहून नॅनो थेंब होणारं तेल आणि सरफॅक्टंट (साबणासारखा घटक) यांचं मिश्रण. सुरुवात इथून करता येईल:

कॅपमुल एमसीएम (तेल) २५ टक्के
कोलिफोर आरएच ४० (सरफॅक्टंट) ४५ टक्के
ट्रान्सक्युटॉल पी (सहद्रावक) ३० टक्के

आधी प्रत्येक घटकात अर्काची विद्राव्यता वेगळी काढा. जास्तीचा अर्क घालून ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास हलवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव एचपीएलसीवर. मग पूर्ण मिश्रणाची विद्राव्यता काढा आणि भरणा तिच्या ७० ते ८० टक्क्यांवर थांबवा. काठोकाठ भरलेलं मिश्रण थंडीत बाटलीतच स्फटिक टाकतं.

चाचणी: १ मिलि मिश्रण २५० मिलि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश, मिनिटाला ५० फेरे. चांगलं मिश्रण मिनिटाच्या आत पारदर्शक निळसर होतं असं पुस्तकं सांगतात. पण हळदीच्या पिवळ्या रंगात ती निळसर झाक दिसतच नाही. म्हणून अर्काशिवायचं कोरं मिश्रण शेजारी ठेवा, थेंबांचा अंदाज त्यावरून घ्या आणि अर्काच्या मिश्रणात फक्त स्फटिक शोधा. चार तास ठेवून पुन्हा बघा. ट्रान्सक्युटॉल पाण्यात पळून जातं आणि त्याच्या जोरावर विरघळलेला अर्क मागे राहून खाली बसतो, हे बहुतेक वेळा पहिल्या तासानंतर होतं. मिश्रणात थोडी एचपीएमसी घातली तर अतिसंपृक्त अवस्था जास्त वेळ टिकते.

---

खलबत्ता

तरल, पाव मिलिग्रॅमचा हिशेब साध्या पाण्याचा झाला. आतड्यात पित्तक्षार आणि लेसिथिनचे मायसेल्स, म्हणजे स्निग्ध पदार्थ पोटात घेणारे अतिसूक्ष्म गोळे असतात आणि करक्युमिन त्यांत शिरतं. जेवणानंतर ते आणखी वाढतात. नॅनोस्फटिकाचा उपयोग तिथे होतो: मायसेलमधला माल शोषला गेला की जागा रिकामी होते, ती चटकन भरायला वेगच लागतो.

शिवाय सॅशे हवा आहे. तुमचं मिश्रण तेलकट आहे, ते कॅप्सूलमध्ये जाईल. २५० मिलिग्रॅम करक्युमिनॉइडसाठी किती कॅप्सूल लागतील तेही सांगा.

---

तरल

रास्त प्रश्न. भरणा ग्रॅमला ५० मिलिग्रॅम मिळाला असं धरू, तर २५० मिलिग्रॅमसाठी ५ ग्रॅम मिश्रण, त्यात सव्वादोन ग्रॅम सरफॅक्टंट. रोज इतकं देणं योग्य नाही, पोट बिघडेल. त्यामुळे एसएनईडीडीएस घ्यायचं तर मात्रा ५० मिलिग्रॅमवर आणायची आणि वाढलेल्या शोषणाचा आधार घ्यायचा. २५० चा आकडा आधीपासून धरून चालण्यामागे काही कारण आहे का, हे राजापुरी_हळद यांनी तपासावं. साध्या अर्काची मात्रा नॅनो रूपाला जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही.

कॅप्सूलबद्दल: ट्रान्सक्युटॉल आणि पीईजी जिलेटिनच्या कवचातलं पाणी ओढतात आणि कवच ठिसूळ होतं. एचपीएमसीचं कवच घ्या, सांधा बँडिंग करून बंद करा.

---

निकष

दोघांचंही वाचतेय. पण कुठलीही पद्धत निवडण्याआधी मोजमाप सरळ करून घ्या, नाहीतर निवड चुकीच्या आकड्यावर होईल.

विद्रावण चाचणीत नमुना काढून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची सवय असते. तुमचा कण ०.१९ मायक्रॉनचा. तो न विरघळताच फिल्टरमधून पार होतो, पुढे एचपीएलसीच्या मिथेनॉलमध्ये विरघळतो आणि अहवालात '१० मिनिटांत ९८ टक्के विद्रावण' लिहिलं जातं. मैद्याच्या चाळणीतून मैदा खाली पडला म्हणून तो विरघळला असं म्हणण्यासारखं आहे ते. ०.२२ नेही भागत नाही. ०.०२ मायक्रॉनचा अ‍ॅल्युमिना सिरिंज फिल्टर वापरा, किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूज. पहिले काही थेंब टाकून द्या, कारण पडदा करक्युमिन धरून ठेवतो. किती धरतो तेही माहीत असलेल्या द्रावणावर एकदा काढून ठेवा.

माध्यम: पीएच ६.८ च्या बफरमध्ये चाचणी लावली आणि तासाभराने वक्र खाली वळला, तर ते अवक्षेपण (विरघळलेला माल पुन्हा खाली बसणं) आहे की विघटन हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. ४२५ नॅनोमीटरवर विघटनाचे तुकडे दिसतच नाहीत, त्यामुळे दोन्हींत आकडा सारखाच पडतो. त्याच वेळी दुसरा नमुना न गाळता मिथेनॉलमध्ये घेऊन एकूण करक्युमिन काढा. एकूणही घटलं असेल तर विघटन, एकूण तेवढंच असेल तर अवक्षेपण.

आतड्याच्या जवळ जाणारं माध्यम हवं तर उपाशीपोटीचं फॅसिफ: सोडियम टॉरोकोलेट ३ मिलिमोलर, लेसिथिन ०.७५ मिलिमोलर, पीएच ६.५. जेवणानंतरच्या फेसिफमध्ये हेच १५ आणि ३.७५, पीएच ५. खलबत्ता आणि तरल यांच्यातला वाद या दोन माध्यमांत दोन्ही नमुने शेजारी लावून मिटेल.

डीएलएसवर नमुना पातळ करायला साधं पाणी वापरू नका, सर्वात बारीक कण त्यात विरघळू शकतात आणि स्टॅबिलायझरही कणावरून सुटतो. त्याच मिश्रणाचा अल्ट्रासेंट्रिफ्यूज केलेला वरचा द्रव घ्या. लेसर ६३३ नॅनोमीटरचा असेल तर करक्युमिनचा रंग फारसा आड येत नाही, निळ्या किंवा हिरव्या लेसरवर येतो. आणि डीएलएसची सरासरी प्रकाशाच्या तीव्रतेवर असते, थोडेसे मोठे कण ती वर ओढतात. उलट खूप मोठे कण खाली बसले तर ते मोजलेच जात नाहीत. म्हणून सूक्ष्मदर्शक जोडीला हवाच.

---

पृथक्करण

निकष यांच्या प्रतिसादाला जोडून एचपीएलसी: सी१८ स्तंभ, अ‍ॅसिटोनायट्राइल आणि २ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल साधारण निम्मेनिम्मे, ४२५ नॅनोमीटर. आधी बिसडिमेथॉक्सी, मग डिमेथॉक्सी, शेवटी करक्युमिन बाहेर येतं. नुसत्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तिन्हींची बेरीज येते. अर्कात कुणी मेटॅनिल यलोसारखा पिवळा रंग मिसळला असेल तर तोही त्या बेरजेत मिसळून जाऊ शकतो. शिसं आयसीपी-एमएसवर वेगळं बघा, हळदीला चकाकी आणायला लेड क्रोमेट वापरण्याचे प्रकार झालेले आहेत. शोषण वाढवायचं म्हणतो तेव्हा कच्च्या मालातल्या अशुद्धीचा निकष अधिक कडक हवा.

---

मंजिष्ठा_वै

मी धागा आयुर्वेदाच्या बाजूने वाचतेय. हळद दुधातून किंवा तुपातून, आणि सोबत मिरी किंवा त्रिकटू, ही योजना जुनीच आहे. तूप आणि दुधातली स्निग्धता मायसेलच्या मुद्द्याशी जुळते. मग मिरीतलं पिपरीन सॅशेत घातलं तर नॅनोची गरज किती उरते?

दुसरा प्रश्न, लेसिथिनशी बांधलेला फायटोसोम इथे कुणी अजून काढला नाही.

---

तरल

मंजिष्ठाताई, फायटोसोमचं मी सांगतो, पिपरीनचं निकष सांगतील.

इटलीतल्या इंडेना कंपनीने ही कल्पना रूढ केली. आधी मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतल्या सिलिबिनवर, पुढे हळदीवर मेरिव्हा या नावाने. त्यात अर्काच्या एका भागाला सोया लेसिथिनचे दोन भाग आणि सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजचे दोन भाग असतात, म्हणून पुडीत करक्युमिनॉइड २० टक्क्यांच्या आसपास.

करायची रीत: अर्क १० ग्रॅम आणि लेसिथिन २० ग्रॅम इथेनॉलमध्ये ५० ते ६० अंशांवर रिफ्लक्सखाली दोन तास, नंतर निर्वातात आटवायचं. कृतींमध्ये पुढे हेक्झेन घालून साका पाडतात. ते टाळा. हेक्झेनची आयसीएच (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष) मर्यादा २९० पीपीएम आहे आणि चिकट लेसिथिनमधून ते सहजी निघत नाही. इथेनॉलला मर्यादा ५००० पीपीएम, जगणं सोपं. आटवताना मेणासारखा गोळा होतो, तो पूर्ण कोरडा होण्याआधीच सेल्युलोज घालून घोटा.

लेसिथिन घेताना त्यातलं फॉस्फॅटिडिलकोलिनचं प्रमाण विचारा. बाजारात ३० टक्क्यांचंही मिळतं, त्याने जुळणी नीट होत नाही. ७० टक्क्यांच्या वरचं घ्या आणि पेरॉक्साइड मूल्य बघा, खवट लेसिथिन करक्युमिनही बिघडवतं.

संकुल झालं का हे डीएससीवर (तापवताना पदार्थ कधी वितळतो ते दाखवणारं यंत्र) बघतात: १८० अंशांच्या आसपासचं करक्युमिनचं वितळण्याचं टोक गेलं म्हणजे झालं. पण साध्या मिश्रणातही तापवताना लेसिथिन आधी वितळतं, करक्युमिन त्यात विरघळतं आणि टोक तसंच गायब होतं. म्हणून नुसतं घोटलेलं मिश्रण तुलनेला ठेवा आणि क्ष-किरण विवर्तन जरूर करा, ते तापवल्याशिवाय होतं.

सॅशेच्या दृष्टीने अडचण एवढीच की ही पूड पाण्यात छान पसरत नाही, वर तरंगते.

---

निकष

मंजिष्ठाताई, पिपरीन विद्राव्यता वाढवत नाही. ते आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात होणारं ग्लुकुरोनायडेशन रोखतं, म्हणजे शरीर करक्युमिन बाहेर टाकण्यासाठी त्याला जी शर्करा-आम्लाची जोड लावतं तीच अडवतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातला १९९८ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, माणसांत जैवउपलब्धता २००० टक्के वाढली. पण नुसत्या करक्युमिनची रक्तातली पातळी जवळपास मोजता न येण्याइतकी होती, आणि भाजक शून्याजवळ असला की पट कितीही मोठा निघतो.

आणि पिपरीन फक्त करक्युमिनपुरतं थांबत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफायलिन यांच्याही पातळ्या ते वाढवतं. जम्मूच्या प्रयोगशाळेने आणि कॅडिला फार्मास्युटिकल्सने याच गुणाचा उपयोग करून रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणलेली गोळी काढली, सोबत १० मिलिग्रॅम पिपरीन. तिथे ते हेतुपूर्वक आणि चाचण्या करून घातलं होतं. सॅशे घेणारा माणूस फिटची गोळी घेतो की नाही हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून सॅशेत पिपरीन नको असं माझं ठाम मत आहे.

आता शोषणाच्या दाव्यांबद्दल. जाहिरातीतला '४० पट', '१०० पट' हा आकडा दिसला की एकच प्रश्न विचारायचा: प्लाझ्मात मोकळं करक्युमिन मोजलं की बीटा-ग्लुकुरोनिडेज घालून, जोड तोडून, एकूण? बहुतेक मोठे आकडे दुसऱ्या प्रकारचे असतात. जोड लागलेला रेणू म्हणजे शरीराने बाहेर काढायला घेतलेला रेणू.

मोकळ्याचं एक प्रामाणिक उदाहरण आपल्याकडचंच आहे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) २०१० मध्ये घन-स्निग्ध करक्युमिन कणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी व्यक्तींना ६५० मिलिग्रॅम दिल्यावर प्लाझ्मात सर्वोच्च पातळी सरासरी २२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आली, साध्या ९५ टक्के अर्काने ती मोजता येण्याइतकीही आली नाही. सुधारणा खरी आहे. पण करक्युमिनचा रेणुभार ३६८, म्हणजे २२ नॅनोग्रॅम हे ०.०६ मायक्रोमोलर होतात. पेशींवरचे बहुतेक प्रयोग ५ ते ५० मायक्रोमोलरवर केलेले असतात. हे अंतर लेबलवर दावा लिहिणाऱ्याने समोर ठेवावं. त्यात करक्युमिन चाचण्यांमध्येच लुडबुड करतं, स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या नियतकालिकात यावर मोठं परीक्षण आलं होतं आणि ते फार कठोर होतं.

---

राजापुरी_हळद

सगळ्यांचे आभार, खूपच मुद्देसूद उत्तरं. २५० चा आकडा साध्या अर्काच्या कॅप्सूलवरूनच आला होता. आता १०० मिलिग्रॅमवर आणून ओल्या दळणाचा नमुना फॅसिफ आणि फेसिफमध्ये लावतो.

दोन शंका. एचपीएमसी आणि लॉरिल सल्फेटऐवजी नैसर्गिक डिंक चालेल का? लेबलवर लॉरिल सल्फेट नको आहे. आणि वाळवताना कण चिकटतात त्याचं काय?

---

खलबत्ता

चालेल, आणि त्याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच रानातल्या डिंकाचं आहे. जपानच्या थेराक्युर्मिन या करक्युमिन उत्पादनात धावड्याचा डिंक आहे, व्यापारात ज्याला गम घाटी म्हणतात. प्रसिद्ध झालेलं प्रमाण असं: करक्युमिन १०, इतर करक्युमिनॉइड २, ग्लिसरीन ४६, धावडा डिंक ४, पाणी ३८ टक्के. कण सरासरी ०.१९ मायक्रॉन. २०११ च्या अभ्यासात साध्या पुडीच्या तुलनेत माणसांत शोषण २७ पट नोंदवलंय, अर्थात निकष यांचा प्रश्न इथेही विचारायचाच.

धावड्याचा डिंक सगळा विरघळत नाही, त्यात फुगून राहणारा भाग असतो. त्यामुळे ५ टक्के द्रावण करून रात्रभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा भाग वाळवून घन पदार्थ किती निघतो ते मोजा आणि त्या हिशेबाने प्रमाण लावा. हे न केल्यास दर घाण्याला आकार वेगळा येतो आणि दोष मिलला दिला जातो. रानातून गोळा केलेल्या मालात साल, माती आणि जंतुसंख्या बरीच असते. फिकट, काचेसारखे खडे निवडून घ्या, पिंगट खडे वेगळे काढा. लॉरिल सल्फेट काढलं की दळायला वेळ जास्त लागतो आणि आकार थोडा वर थांबतो, ते धरून चाला. डिंकात ऋणभार असतो, त्यामुळे पीएच ४ च्या खाली नेऊ नका, भार कमी होतो आणि कण गोळा होतात. आधी सांगितलेला ४.५ ते ५ योग्य.

वाळवणं: दळून झाल्यावर अर्काच्या वजनाइतकं ट्रेहॅलोज विरघळवा, मगच स्प्रे ड्रायरला द्या. आत जाणारी हवा १२० ते १३० अंश, बाहेरची ६० ते ७०. ट्रेहॅलोज कणांच्या मध्ये बसून त्यांना वेगळं ठेवतं. नुसतं मॅनिटॉल स्फटिक होऊन कणांना बाहेर ढकलतं. वाळलेली पूड पुन्हा पाण्यात घालून आकार मोजा, नंतरचा आकार भागिले आधीचा. १.३ च्या आत आला तर ठीक. २ च्या पुढे असेल तर ट्रेहॅलोज वाढवा किंवा बाहेरच्या हवेचं तापमान उतरवा.

आधीच्या एचपीएमसीच्या घाण्याचा हिशेब करून देतो: अर्क १०, एचपीएमसी २, लॉरिल सल्फेट ०.१, ट्रेहॅलोज १०, एकूण घन २२.१ ग्रॅम, त्यात करक्युमिनॉइड ९.५ ग्रॅम. १०० मिलिग्रॅमसाठी साधारण २३३ मिलिग्रॅम पूड. सॅशेत ती एकटी नीट भरली जाणार नाही, मॅनिटॉलने २ ग्रॅम करा.

---

वाचनमात्र

हेच तंत्र गुळवेल, अश्वगंधा, सालई यांनाही लावता येईल का?

---

तरल

सरसकट नाही. आधी अडचण कुठली हे बघायचं.

सालईतली बॉस्वेलिक आम्लं आणि गुग्गुळातले गुग्गुलस्टेरॉन स्निग्धप्रिय आहेत, त्यांना फायटोसोम किंवा एसएनईडीडीएसचा उपयोग होतो. पण राळेचा चिकट अर्क बीड मिलमध्ये घालू नका, उष्णतेने मऊ होऊन मण्यांना चिकटतो आणि चाळणी बंद होते. शतावरीतली सॅपोनिनं, हिरड्यातली टॅनिनं पाण्यात आधीच विरघळतात. त्यांचे रेणू मोठे, आतड्याच्या पेशीतून पार होणं कठीण. तिथे कण बारीक करून काहीच साधत नाही. बर्बेरिनचं वेगळंच, पी-ग्लायकोप्रोटीन त्याला पेशीतून परत बाहेर फेकतं.

आणि पूर्ण अर्क म्हणजे एक रेणू नव्हे. गुळवेलीच्या पाण्याच्या अर्कात शर्करा आणि पिष्ट इतकं असतं की वाळवताना चिकटा होतो आणि स्टॅबिलायझर कशावर बसला हेच कळत नाही.

---

मंजिष्ठा_वै

भस्मांची तुलना अशा चर्चेत नेहमी येते म्हणून थोडं लिहिते. वारितर म्हणजे पाण्यावर तरंगणारं, रेखापूर्ण म्हणजे बोटांच्या रेषांत भरणारं, या परीक्षा बारीकपणाच्याच आहेत. पण भस्म खनिज असतं, पुटं देऊन त्याचं रासायनिक रूपच बदललेलं असतं. वनस्पतीच्या अर्काला तो न्याय लागत नाही. 'आपल्याकडे नॅनो होतंच' एवढ्यावर अर्काची सुरक्षा गृहीत धरू नये.

यकृताचा मुद्दा कुणी तरी लिहावा.

---

निकष

लिहिते, कारण तो महत्त्वाचा आहे.

युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने करक्युमिनचं स्वीकार्य दैनिक सेवन किलोमागे ३ मिलिग्रॅम धरलंय, ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. हा आकडा साध्या, कमी शोषल्या जाणाऱ्या करक्युमिनचा आहे. शोषण वाढवलेल्या रूपाला तो ढाल म्हणून वापरता येत नाही. इटलीत हळदीच्या पूरकांशी जोडलेल्या यकृतदाहाच्या नोंदी झाल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने लेबलवर इशारा बंधनकारक केला. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजाळ्याने हळदीशी निगडित १० रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला, त्यातल्या ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार होता, आणि तपासलेल्या काही उत्पादनांत पिपरीनही सापडलं.

लेबलवर स्पष्ट लिहा: यकृताचा विकार, पित्तमार्गात अडथळा, रक्त पातळ करणारी औषधं चालू, केमोथेरपी चालू किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद. हळदीने लघवी पिवळी होतेच असं समजून लोक दुर्लक्ष करतात, म्हणून 'गडद, चहासारखी' असे शब्द वापरा.

---

पृथक्करण

परवान्याचंही आत्ताच बघून ठेवा, पद्धत त्यावर ठरते. आयुर्वेदिक परवान्यात औषधी घनाला, म्हणजे वनस्पतीच्या अर्काला, औषधे व प्रसाधने नियमांतला नियम १५८ब लागतो. तिथे पाण्याचा किंवा पाणी-मद्यार्काचा अर्क आणि इतर द्रावकांचा अर्क वेगळे धरले जातात, दुसऱ्याला सुरक्षेचा पुरावा जास्त लागतो. ९५ टक्के अर्क सहसा अ‍ॅसिटोन किंवा इथाइल अ‍ॅसिटेटमधून निघतो. सहायक घटक नियम १६९ मध्ये बसतात का तेही पाहा. ट्रान्सक्युटॉलपेक्षा डिंक आणि लेसिथिनची वाट इथे सोपी.

फायटोफार्मास्युटिकल (वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या, प्रमाणित अर्काचं औषध) म्हणून जायचं तर ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान चार घटकांचं मापन हवं. तुमच्या अर्कात तीनच करक्युमिनॉइड आहेत. चौथा म्हणून हळदीच्या तेलातलं एआर-टर्मेरोन घेता येईल, पण ते बाष्पनशील आहे आणि स्प्रे ड्रायरमध्ये उडतं. तो मार्ग घ्यायचा असेल तर तेल धावड्याच्या डिंकात वेगळं बांधून शेवटी कोरडं मिसळा.

---

राजापुरी_हळद

पॅकिंगबद्दल शेवटचा प्रश्न: ट्रेहॅलोजची पूड पावसाळ्यात टिकेल?

---

खलबत्ता

उघड्यावर नाही. फवारून वाळवलेलं ट्रेहॅलोज अस्फटिक असतं, ओल घेतली की ते स्फटिक होतं, मधली जागा जाते आणि कण एकमेकांना चिकटतात. बाहेरून पूड कोरडीच दिसते, पाण्यात घातल्यावर कळतं. भरण्याच्या खोलीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवा, जून ते सप्टेंबर डिह्युमिडिफायरशिवाय भरू नका. सॅशे अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या थराचाच. भरण्यापूर्वी पुडीतलं पाणी कार्ल फिशरवर ३ टक्क्यांच्या आत असावं.

४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर सहा महिने ठेवताना दर महिन्याला नुसती एचपीएलसी करू नका, पुन्हा पसरवल्यानंतरचा आकारही मोजा. करक्युमिन ९८ टक्के शाबूत आणि कण मात्र ३ मायक्रॉनचे, असा सॅशे एचपीएलसीत उत्तीर्ण होतो.

---

निकष

आणि तो आकार मोजताना लेबलवर लिहिलेल्या कोमट पाण्यातच पसरवा, चमच्याने अर्धा मिनिट ढवळून. सोनिकेटर लावून मोजलेला आकार घेणाऱ्याच्या ग्लासात येणार नाही.